न पाहिलेल्या नटाचे गाणे

ठाण्यात आमच्या नौपाड्यातल्या घरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे आणि तिच्यात वडिलांनी ध्वनिमुद्रित केलेल्या २९ कॅसेट आहेत. रेडिओवरचे गाणे थेट टेपवर उतरवण्याची सोय वडिलांकडे नव्हती. ते रेडिओसमोर स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवत, निवेदिकेने गायकाचे नाव उच्चारले की दोन बटणे एकदम दाबत आणि घरातल्या सगळ्यांना हातानेच गप्प राहण्याची खूण करत. दोन खोल्यांच्या घरात सकाळी सातच्या सुमारास ती खूण पाळणे कोणालाच शक्य नसे. त्यामुळे त्या प्रत्येक कॅसेटमध्ये गाण्याच्या जोडीने आमचे घरही उतरले आहे. नळाला पाणी आल्याचा आवाज, दूधवाल्याने वाजवलेली कडी, धाकट्या भावाचे रडणे, हे सगळे त्यात आहे. त्यांपैकी एका कॅसेटवर वडिलांच्या हस्ताक्षरात ‘नाट्यसंगीत, १९८३’ एवढेच लिहिलेले आहे. तिच्यातले पहिलेच पद म्हणजे पंडित राम मराठे यांनी गायलेले ‘मंदारमाला’ नाटकातले ‘जय शंकरा गंगाधरा’, आणि त्या पदात कुकरच्या शिट्ट्या आहेत व त्या मोजणारा माझ्या आजीचा आवाज आहे.

गेली चाळीस वर्षे हे पद मी ऐकते आहे आणि इतक्या वर्षांत ते एकदाही माझ्यावरून नुसते वाहून गेलेले नाही. मी काही वर्षे पेटी शिकले, पण राग ओळखून त्याचे चलन सांगावे इतकी माझी तयारी कधीच झाली नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे गाणे ज्या नटाचे आहे, त्याला मी रंगभूमीवर कधीही पाहिलेले नाही. रामभाऊ ठाण्यात राहत होते, गडकरी रंगायतन हे नाट्यगृह आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर होते, आणि ४ ऑक्टोबर १९८९ रोजी ते गेले तेव्हा मी कॉलेजात जाणारी, कळती मुलगी होते. तरीही तो योग आला नाही. ही रुखरुख माझ्या मनात कायम आहे, आणि तिच्यातूनच एक प्रश्न माझ्याकडे राहून गेला आहे. नाटकातले पद हे एका विशिष्ट पात्राचे, कथेतल्या विशिष्ट क्षणाचे गाणे असते. ते पात्र मी पाहिलेले नाही आणि तो क्षण मला ठाऊक नाही. मग ते गाणे माझ्यापर्यंत कशाच्या बळावर पोहोचते?

या प्रश्नाचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा रामभाऊंच्या कारकिर्दीकडे वळते, कारण नट आणि गायक हे दोन्ही धागे तिच्यात अगदी बालपणापासून एकमेकांत विणलेले दिसतात. २३ ऑक्टोबर १९२४ रोजी पुण्यात जन्मलेला हा मुलगा वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आतच पडद्यावर गात होता. प्रभात फिल्म कंपनीच्या १९३८ सालच्या ‘गोपालकृष्ण’मध्ये कृष्णाची भूमिका त्याची होती, आणि पाठोपाठ १९३९ च्या ‘माणूस’मध्येही तो होता. या दोन्ही चित्रपटांचे संगीत मास्तर कृष्णरावांचे. भास्करबुवा बखल्यांच्या तालमीत वाढलेल्या आणि गंधर्व नाटक मंडळीत पदांच्या चाली बांधलेल्या या संगीतकाराच्या हाताखाली एक मुलगा गाणे आणि अभिनय एकाच वेळी शिकत होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या वयात इतर मुले स्वर घोटत बसतात, त्या वयात त्याला कॅमेऱ्यासमोर उभे राहून, चेहऱ्यावर कृष्णाचा भाव ठेवून, स्वर लावावा लागत होता. म्हणजे गाणे हे कोणाच्या तरी तोंडी असते, ही जाणीव त्याला सुरांच्या ओळखीबरोबरच मिळाली असली पाहिजे.

बालनटांच्या आयुष्यात कंठ फुटण्याचा काळ फार क्रूर असतो. ज्या आवाजासाठी लोकांनी डोक्यावर घेतलेले असते, तोच आवाज एका वर्षात निघून जातो. त्याच सुमारास चित्रपटांत पार्श्वगायनाची पद्धत रुळत गेली आणि पडद्यावर स्वतः गाणाऱ्या नटांची गरजच हळूहळू संपली. रामभाऊ या वळणावर रागदारीच्या तालमीकडे गेले. मास्तर कृष्णरावांखेरीज वामनराव सडोलीकर, मिराशीबुवा, जगन्नाथबुवा पुरोहित, विलायत हुसेन खाँ अशा वेगवेगळ्या परंपरांच्या गुरूंकडून त्यांनी विद्या घेतली. घराण्यांच्या भिंती त्या काळी आजच्यापेक्षा कितीतरी उंच होत्या, आणि एवढ्या दारांतून विद्या घेणे म्हणजे प्रत्येक ठिकाणी नव्याने शिष्य होणे होते. बैठकीतले त्यांचे गाणे आक्रमक, लयीवर विलक्षण हुकूमत असलेले आणि तानेच्या तयारीने थक्क करणारे होते, असे त्यांना ऐकलेले जाणकार सांगतात आणि उपलब्ध ध्वनिमुद्रणेही तेच सांगतात.

पुढे ते संगीत रंगभूमीवर उभे राहिले तेव्हा ती रंगभूमी स्वतःच पुन्हा उभी राहत होती. बोलपटांच्या लाटेत १९३० च्या दशकात नाटक मंडळ्या एकामागून एक बंद पडल्या होत्या. १९६० च्या आसपास विद्याधर गोखले यांच्या ‘पंडितराज जगन्नाथ’ आणि ‘सुवर्णतुला’ या नाटकांनी प्रेक्षकांना पुन्हा पदांची गोडी लावली, आणि १९६३ मध्ये त्यांचेच ‘मंदारमाला’ आले. ‘मंदारमाला’त रामभाऊ नट होते, गायक होते आणि संगीतकारही तेच होते. स्वतः बांधलेली चाल, स्वतःच्या गळ्यातून, स्वतः साकारलेल्या पात्राच्या तोंडी, असा हा तिहेरी योग होता. याच नाटकातली त्यांची आणि प्रसाद सावकारांची ‘बसंत की बहार आयी’ ही जुगलबंदी आजही मैफलींत फर्माइशीने गायली जाते. तरीही माझे मन या नाटकातल्या दुसऱ्या कोणत्याही पदापेक्षा ‘जय शंकरा’पाशीच थांबते, आणि त्यामागे गाण्याच्या थोरवीइतकाच आमच्या घराचाही भाग आहे, हे मी सुरुवातीलाच कबूल केलेले बरे.

हे पद अहीरभैरव रागात आहे. कोमल रिषभ आणि कोमल निषाद घेऊन येणारा हा राग पहाटेचा मानला जातो. भैरव रागाचे गांभीर्य त्याच्या पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, आहे आणि उत्तरांगात, म्हणजे वरच्या अर्ध्यात, काफी रागाची मऊ छाया आहे. बैठकीतला गायक तो सकाळी गाईल, विलंबितात, म्हणजे संथ लयीत, घेईल, रिषभावर आंदोलन देत एकेक स्वर उलगडत जाईल, आणि राग पूर्ण दिसायला त्याला अर्धा-पाऊण तास लागला तरी श्रोते खळखळ करणार नाहीत. नटाला ती मुभा नसते. त्याच्यामागे कथा खोळंबलेली असते आणि समोर निरनिराळ्या तयारीचे शेकडो प्रेक्षक असतात, म्हणून मुखड्याच्या पहिल्याच ओळीत त्याला रागाचा चेहरा दाखवावा लागतो आणि त्याच ओळीत शब्दही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवावा लागतो. शिवाय नाटकाचा प्रयोग रात्रीचा असतो. पहाटेचा राग रात्री दहा-अकराला गायला जातो आणि कोणाही प्रेक्षकाला त्यात काही वावगे वाटत नाही, कारण त्या घटकेला नाट्यगृहातली वेळ पात्राची वेळ झालेली असते. मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते. रंगमंचावर पहाट झाली असे नटाच्या स्वराने सांगितले की पहाट होते.

वडिलांनी ‘मंदारमाला’ लग्नाआधी मुंबईत पाहिले होते. नाटकाविषयी विचारले की ते कथानक कधीच सांगत नसत. वेषभूषा, नेपथ्य, बाकीचे नट, यांपैकीही काही नाही. ते सांगत ते असे, की वन्समोर इतके पडले की प्रयोग संपायला फार उशीर झाला, ठाण्याची शेवटची गाडी निघून गेली, आणि मग त्यांनी बोरीबंदर स्थानकातल्या एका बाकावर रात्र काढली. थंडीचे दिवस होते, अंगावर एक सदरा होता, आणि रात्रभर डोक्यात तेच एक पद फिरत होते. पहाटे पहिली गाडी लागली, ते खिडकीशी बसले, आणि कुर्ला मागे टाकून गाडी विक्रोळीच्या दिशेने जाऊ लागली तेव्हा बाहेर उजाडू लागले. ‘तेव्हा मला कळलं की ते गाणं केव्हाचं आहे,’ असे ते म्हणत. रागाचे नाव त्यांना पुढे कित्येक वर्षांनी कोणीतरी सांगितले.

त्यानंतर हे पद वडिलांनी आयुष्यभर सकाळीच गुणगुणले. दर सोमवारी वागळे इस्टेटमधल्या कंपनीत जाण्याआधी ते जांभळी नाक्याला कोपिनेश्वराच्या दर्शनाला जात आणि परत येताना जिन्यावरून त्यांचा आवाज आधी वर येई. ते चांगले गात नसत. तान त्यांना येत नसे, आणि पदातल्या तानेच्या जागी ते फक्त थांबत, तानेला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मनात मोजत आणि मग बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, शब्द उचलत. लहानपणी मला ती रिकामी जागा गाण्याचाच भाग वाटत असे. मूळ गायकाची तान मी कॅसेटमध्ये लक्ष देऊन ऐकली तेव्हा मला जो धक्का बसला, तो मला अजून आठवतो. ज्या शांततेच्या जागेला मी इतकी वर्षे ओळखत होते, तिच्यात एवढे वादळ दडलेले होते.

त्या तानेविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला तिथेच सापडले. नाट्यपदातल्या तानांवर एक जुना आक्षेप आहे. कथा थांबवून नट गळ्याची तयारी दाखवत बसतो, असे म्हटले जाते आणि काही गायकांच्या बाबतीत ते खरेही असेल. ‘जय शंकरा’मध्ये मात्र तान ऐकताना मला कधीही कसरत दिसली नाही. आधीच्या ओळीत देवाला हाका मारून झालेल्या आहेत, विशेषणे लावून झालेली आहेत, आणि शब्दांनी जे साधता येते ते संपलेले आहे. त्यानंतर जी तान सुटते, ती शब्द अपुरे पडलेल्या माणसाची असते. तिच्या वेगात विनवणीही आहे आणि हट्टही आहे. हा अभिनयच आहे, पण तो गळ्यात उतरलेला अभिनय आहे, आणि म्हणून तो रेडिओवरून, टेपरेकॉर्डरच्या साध्या माइकमधून, नळाच्या आवाजावरूनही माझ्यापर्यंत आला. हातवारे आणि चेहरा नाट्यगृहातच राहिले. ज्या नटाने गाताना भूमिका फक्त चेहऱ्यावर ठेवली असेल त्याचे पद नाट्यगृहाबाहेर टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाणाऱ्या नटाचे काम किती बारीक असते, हे मला पुढे गडकरी रंगायतनमध्ये पहिल्या रांगेत बसून संगीत नाटके पाहताना कळले. पद एकदम सुरू होत नाही. संवादाची शेवटची दोन वाक्ये चालू असतानाच ऑर्गनवाला हलकेच सूर धरतो, नट तो सूर कानाने उचलतो आणि आपल्या बोलण्याची पट्टी नकळत त्याच्याकडे सरकवत नेतो, आणि मग बोलणे कुठे संपले आणि गाणे कुठे सुरू झाले ते प्रेक्षकाला सांगता येत नाही. चांगला नट हा सांधा दिसू देत नाही. तबलजीचे लक्ष नटाच्या चालण्याकडे असते, कारण पदाच्या मध्यात नट दोन पावले पुढे आला तर त्याला ठेका किंचित भरावा लागतो. वन्समोर आला की तेच पद पुन्हा घ्यायचे असते, पण जशाच्या तसे घेतले तर प्रेक्षकांचा विरस होतो. एखादी जागा वेगळी घ्यायची, एखादी तान वाढवायची, आणि तरीही पात्राचा भाव ढळू द्यायचा नाही. या पद्धतीमुळे एकाच पदाची दोन रूपे कधी तंतोतंत सारखी झाली नाहीत. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत, म्हणून आपल्याकडे पोहोचलेली कितीतरी पदे म्हणजे त्या लवचीक गाण्याची एक आखडलेली प्रत आहे. ‘ध्वनिमुद्रिकेवर आहे तसंच म्हणा’ असा हट्ट मी आजच्या गायकांकडे धरत नाही, तो याच कारणाने.

हा प्रश्न माझ्या एकटीचाही नाही, कारण संगीत रंगभूमीचा मोठा श्रोतृवर्ग नेहमीच न पाहिलेल्या नटांवर प्रेम करत आला आहे. बालगंधर्वांनी १९१३ मध्ये स्वतःची मंडळी काढली, १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या स्त्रीभूमिका प्रत्यक्ष पाहिलेले लोक आज जवळजवळ उरलेले नाहीत. तरीही त्यांच्या आवाजातली ‘स्वयंवर’ नाटकातली रुक्मिणी घराघरांत ऐकू येत राहिली. वसंतराव देशपांड्यांचे उदाहरण तर मला अधिकच विचारात पाडते. लष्करी हिशेब खात्यात वर्षानुवर्षे नोकरी करून, १९६७ च्या अखेरीस वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ते ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये खाँसाहेब म्हणून उभे राहिले. खाँसाहेब हे पात्र मत्सराने पोळलेले आहे आणि नाटकातला अन्याय त्याच्या घरातून सुरू होतो. पण श्रोत्यांनी त्याची पदे उराशी धरली. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच काव्य त्या नाटकात खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी गायक पंडितजी यांच्या आणि खाँसाहेबांच्या अशा दोन वेगळ्या चालींत येते, आणि मी असा एकही नाट्यसंगीतप्रेमी पाहिला नाही जो पंडितजींची बाजू न्यायाची म्हणून खाँसाहेबांची चाल टाकून देतो. गाणे ऐकताना श्रोता पात्राच्या गुणदोषांचा हिशेब ठेवत नाही. खाँसाहेबांच्या मत्सराखाली जी तळमळ आहे तेवढीच तो उचलतो, आणि तळमळ त्याच्या स्वतःजवळही असतेच.

आपल्या साहित्यशास्त्रात यासाठी एक शब्द आहे. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने पुढे नेलेल्या साधारणीकरणाच्या विचाराप्रमाणे, नाट्यातला शोक हा अमुक एका रामाचा किंवा सीतेचा राहत नाही. तो कोणा एकाचा न राहता सर्वांचा होतो आणि म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. नाट्यगृहाच्या अंधारात बसलेले असताना मला हे शंभर टक्के पटते. मात्र ते पद नाट्यगृहाबाहेर पडून घरी येते तेव्हा त्याचा उलटा प्रवास सुरू होतो, असा माझा अनुभव आहे. सर्वांची झालेली ती भावना पुन्हा कोणा एकाची होते. पात्राने रिकामी केलेली जागा कोणाच्या तरी बोरीबंदरच्या बाकाने, कोणाच्या तरी जिन्याने भरली जाते. शास्त्रकारांनी रसाचा विचार रंगमंचाच्या बाजूने इतका खोलवर केला आहे, की घरी परतलेल्या प्रेक्षकाचाही असाच विचार व्हावा, असे मला मनापासून वाटते.

ठाणे महानगरपालिका दरवर्षी संगीतभूषण पंडित राम मराठे यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ संगीत महोत्सव भरवते आणि जमेल तेव्हा मी त्याला जाते. काही वर्षांपूर्वी तिथे एका तरुण गायकाने ‘जय शंकरा’ गायले. तो साधा झब्बा घालून बसून गात होता, ना वेष होता ना प्रसंग. माझ्या शेजारी बसलेल्या एक बाई ओठ हलवत होत्या आणि तान सुरू झाली तेव्हा त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मध्यंतरात मासुंदा तलावाच्या काठावर चहा घेताना त्या आपण होऊन बोलू लागल्या. त्यांचे यजमान रोज सकाळी आंघोळ करताना हे पद म्हणत, आणि तान घेताना हटकून पाण्याचा तांब्या डोक्यावर ओतत, म्हणजे तान पाण्याच्या आवाजात मिसळून जाई आणि ती जमली की नाही ते कोणाला कळत नसे. त्यांना जाऊन तीन वर्षे झाली होती. ‘शब्दांना मला काही होत नाही हो,’ त्या म्हणाल्या. ‘तान आली की पाणी ऐकू येतं.’ मी त्यांना माझ्या वडिलांच्या रिकाम्या जागेविषयी सांगितले. मग आम्ही दोघीही बराच वेळ काही बोललो नाही, तलावावरच्या दिव्यांकडे पाहत राहिलो आणि तिसऱ्या घंटेपूर्वी आत गेलो.

त्या एकाच सभागृहात, एकाच तानेवर, दोन शेजारच्या खुर्च्यांत बसलेल्या दोन बायकांनी दोन वेगळी गाणी ऐकली होती. गायकाने मात्र एकच गायले होते, आणि ते त्याने उत्तम गायले होते म्हणूनच हे घडू शकले. तान कच्ची पडली असती तर आमचे लक्ष त्याच्या चुकीकडे गेले असते आणि आमची माणसे आम्हाला भेटलीच नसती. श्रोत्याच्या आठवणीला वाट मिळावी यासाठी गायकाने आधी आपले काम चोख करावे लागते. भावना महत्त्वाची आणि तयारी दुय्यम, असे हल्ली फार सहज बोलले जाते. मला ते मान्य नाही. रामभाऊंनी इतक्या गुरूंच्या पायांशी बसून जे कमावले, ते माझ्यासारख्या राग न कळणाऱ्या बाईच्याही कामी आले.

मागच्या वर्षी ट्रंकेतल्या काही कॅसेटच्या फिती एकमेकींना चिकटू लागल्याचे माझ्या लक्षात आले आणि मी घाबरले. भाऊ ऐरोलीला राहतो आणि त्याच्या मुलाला ध्वनिसंपादनाचे काम येते. एका रविवारी त्या सगळ्या कॅसेट दोन पिशव्यांत घालून मी ठाण्याहून वाशीची लोकल धरली आणि ऐरोलीला उतरले. भाच्याने जुना डेक मिळवून ठेवला होता. प्रत्येक फीत आधी हाताने पुढे-मागे फिरवून मोकळी केली, मग ती वाजवत संगणकावर उतरवून घेतली. ‘नाट्यसंगीत, १९८३’ लावली तेव्हा त्याने कानांवरचे हेडफोन काढून मला विचारले, ‘आत्या, यात मागे खूप गोंगाट आहे. शिट्ट्या, भांडी, कोणीतरी बोलतंय. हे सगळं पुसता येईल. गाणं एकदम स्वच्छ होईल. करू का?’

मी त्याला सांगितले की स्वच्छ गाणे मला हवे तेव्हा इंटरनेटवर ऐकता येते. मी तिथे ते ऐकलेलेही आहे, आणि दर वेळी दुसऱ्या ओळीपाशी माझा कान शिट्टीची वाट पाहतो. त्यावर तो काही बोलला नाही. त्याने फक्त फितीची सरसर कमी केली, बाकी सगळे तसेच ठेवले, आणि ते त्यांच्या बैठकीच्या खोलीतल्या मोठ्या स्पीकरवर लावले. भाऊ येऊन दारात उभा राहिला. आजी गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि तिचा आवाज त्याला आठवत नाही, असे तो नेहमी म्हणत आला होता.

निवेदिकेने नाव घेतले आणि पहिली शिट्टी झाली. मुखडा आला, ओळ पुन्हा फिरून आली, आणि दुसऱ्या शिट्टीवर आजी म्हणाली, ‘दोन झाल्या गं.’ भाऊ दारातून आत आला आणि जमिनीवर बसला. रामभाऊंचा आवाज वर चढत गेला, शब्द संपले, तान सुटली, आणि तानेच्या ऐन मध्यात तिसरी शिट्टी वाजली. तिच्यावरून आजीचा आवाज खणखणीत आला, ‘तीन झाल्या, बंद कर गं.’

वहिनी आमच्या घरात आली ती आजी गेल्यानंतर वीस वर्षांनी. तिने आजीला फोटोखेरीज कधीही पाहिलेले नाही. ती आमच्याबरोबर सोफ्यावर बसून ऐकत होती. तो आवाज कानावर पडताच ती उठली, लगबगीने स्वयंपाकघरात गेली, आणि गॅसच्या बटणाला हात लावल्यावर तिच्या लक्षात आले की शेगडीवर काहीच नव्हते.